सोमवारची नोंद

कोल्हापुरातल्या मंगळवार पेठेतल्या जुन्या घराचा माळा या दिवाळीआधी रिकामा केला. तांब्याचा बंब, मोडका पाळणा, रद्दीचे गठ्ठे, आणि त्या गठ्ठ्यांच्या तळाशी तात्यांची शिकारीची वही. लाल कापडी पुठ्ठ्याची, गुळाच्या अडतीत असते तसली लांबट. कोपरे वाळवीनं खाल्लेत, पण आतली शाई अजून ठळक आहे. पहिल्या पानावर 'श्री अंबाबाई प्रसन्न', खाली 'हंगाम 1971-72'.

तात्या म्हणजे माझे थोरले चुलते. वडिलांची नोकरी फिरतीची, म्हणून माझी सगळी शाळा तात्या-काकींकडं राहून झाली. तात्या ड्रॉइंगचे मास्तर. आठवड्याचे सहा दिवस फळ्यावर घडे, केळी आणि गणपती काढणारा हा माणूस रविवारी पहाटे चारला खाकी शर्ट चढवून बाराबोअरची दुनळी खांद्याला लावायचा. त्या हंगामात मी नववीत होतो आणि पहिल्यांदाच त्यांच्याबरोबर जायला लागलो होतो. वहीत 'सोबत' या रकान्यात बहुतेक ठिकाणी 'बाळ' असं लिहिलंय, तो मी.

माझी सगळी नोकरी साखर कारखान्याच्या हिशेब विभागात गेली. वही हातात आली की आधी बेरजा बघायच्या आणि मग रिकाम्या जागा, ही सवय हाडात मुरलेली. म्हणून तात्यांची वहीसुद्धा मी आधी हिशेबासारखीच वाचली. 24 ऑक्टोबर ते 20 फेब्रुवारी, अठरा रविवार. त्यातल्या तेरा रविवारी गेलो. राहिलेल्या पाचांची कारणं लिहिलीत. दोनदा लग्नं, एकदा जीप बंद, आणि डिसेंबरातल्या 5 आणि 12 तारखेसमोर एकच शब्द, 'लढाई'. बांगलादेशाचं युद्ध चालू होतं. पोरं सरहद्दीवर मरत असताना आपण हौसेनं बार काढायचे नाहीत, असं तात्या म्हणाले होते ते मला आठवतं. सोळा तारखेला ढाक्याची बातमी रेडिओवर आली, त्यानंतरच्या रविवारी आम्ही पुन्हा निघालो.

काडतुसं 131. हाती लागलेलं असं: तितर 31, लावे 14, रानकोंबडे 6, होले आणि हरोळ्या मिळून 9, ससे 2, भेकर 1. एकूण 63. म्हणजे 68 काडतुसांच्या पुढं काहीच नाही. एका पक्ष्याला दोन्ही नळ्या लागल्या असतील, काही बार नुसते हवेत गेले असतील, ते सगळं धरलं तरी 68 हा आकडा माझ्या डोळ्यांपुढनं हलेना. शिकारीच्या वहीत 'मिळालं' असा रकाना असतो. 'लागलं पण मिळालं नाही' असा रकाना नसतो.

*

तितरांसाठी आम्ही पूर्वेला जायचो. आळत्याच्या डोंगराखाली, रामलिंगच्या अंगाला, तेव्हा नुसता माळ होता. मधे मधे शाळूची आणि हरभऱ्याची रानं, बांधाला बाभळी, बोरी. गुळाच्या अडतीतले तात्यांचे एक मित्र होते, त्यांची जुनी विलीज जीप. हातकणंगल्याच्या पुढं उजाडायचं. जीप थांबवून इंजिन बंद केलं की पहिली काही मिनिटं कुणी बोलायचं नाही, हा तात्यांचा नियम. मग एक तितर ओरडायचं, 'कतीतर, कतीतर', आणि लगेच दूरवरनं दुसरं त्याला उत्तर द्यायचं. थंडीनं दात वाजत असायचे, आणि त्या आवाजानं अंगावर काटा यायचा तो वेगळाच. तात्या बोटानं दिशा दाखवायचे. कुठल्या बांधाला किती आहेत, ते आवाजावरनं त्यांनी आधीच मोजलेलं असायचं.

तितराला उडण्याचा कंटाळा. ते पळतं. ढेकळाआडनं मान वर काढतं, परत पळतं. पळणाऱ्यावर बार टाकायचा नाही, हाही नियम. उडालं की लगेचही नाही. 'जरा लांब जाऊ दे, मांस खराब करायचं न्हाई,' असं म्हणत ते बंदूक अगदी सावकाश उचलायचे. लावा मात्र पायातनंच भुर्रकन उडतो, काळजाचा ठोका चुकवतो, आणि बंदूक खांद्याला लागेपर्यंत पन्नास हातांवर जाऊन गवतात बसलेला असतो. लावे तात्यांच्या हातून फार चुकायचे.

पडलेलं पहिलं तितर मी उचललं ते या वहीत 31 ऑक्टोबरला आहे. हातात घेतलं तेव्हा ते गरम होतं, नुकत्याच निघालेल्या भाकरीसारखं. छातीवर बारीक आडव्या रेघा, एकीसारखी दुसरी नाही. पायाला मागं टोकदार काटा, म्हणजे नर. चोचीच्या टोकाला रक्ताचा एकच थेंब, तो पडत नव्हता. घरी आल्यावर तात्यांनी त्याच्या गळ्याची पिशवी ब्लेडनं उघडून मला दाखवली. आत शाळूचे सात-आठ दाणे, गवताचं बी आणि मूठभर वाळवी. 'शेतकऱ्याचे दाणे किती खाल्ले आणि वाळवी किती खाल्ली, मोज,' म्हणाले. मी मोजली. वहीच्या समासात त्यांनी त्या छातीवरच्या पिसाचं पेन्सिलीनं चित्र काढलंय. आज बघितलं तर रेघान् रेघ बरोबर आहे. ज्याला त्यांनी मारलं त्याच्याकडं ते इतकं निरखून बघायचे, याचं मला तेव्हा काही वाटलं नव्हतं. आता वाटतं. पण त्या निरखण्यानं मारणं हलकं होतं असं मी म्हणणार नाही.

माळावर एक फासेपारधी म्हातारा भेटायचा. तो बंदुकीकडं जरा तुच्छतेनं बघायचा. त्याच्याकडं पाळलेलं तितर होतं, पिंजऱ्यात. पिंजरा मोकळ्यात ठेवायचा आणि भोवती फास लावायचे. आतलं ओरडलं की त्या रानाचा मालक तितर भांडायला धावून यायचा आणि पाय अडकायचा. आवाज नाही, रक्त नाही. पोट भरण्यापुरतं झालं की तो फास गुंडाळून चालायला लागायचा. त्याच्या घराण्यातली माणसं संस्थानच्या शिकारखान्यात होती, असं तो अभिमानानं सांगायचा. ते खरंच असणार. ज्या जमातींना गुन्हेगार म्हणून रोज चावडीवर हजेरी द्यावी लागायची त्यांची हजेरी शाहू महाराजांनी बंद केली, आणि पारध्यांना तर हाताशी धरून कामं दिली. म्हातारा चित्त्यांच्या गोष्टी सांगायचा. कोल्हापूरचे चित्ते तेव्हा देशभर नावाजलेले. डोळ्यांना टोपी घातलेला चित्ता बैलगाडीत बसवून काळविटांच्या कळपाजवळ न्यायचा, टोपी काढायची आणि सोडायचा. 'धूळ दिसायची बगा, जनावर न्हाई,' असं म्हणून तो हातानं माळावर एक लांब रेघ मारून दाखवायचा. मी त्या रेघेकडं बघायचो. तिथं काळवीट नव्हतं, चित्ता तर देशातच राहिला नव्हता. 2022 साली नामिबियातनं आठ चित्ते आणून कुनोत सोडले, तेव्हा टीव्हीसमोर बसून मला त्या म्हाताऱ्याचा हात आठवला.

दुपारी घरी आल्यावर सोलायचं काम पोरांचं. काकी पाट्यावर मसाला वाटायच्या. खोबरं, तीळ, खसखस, आणि कांदा-लसणाची चटणी. रात्री जेवताना बोलायला बंदी होती, कारण छर्रे. सहा नंबरचा छर्रा ज्वारीच्या दाण्यापेक्षा लहान असतो. रश्श्यातल्या तुकड्यात तो कुठं लपलाय ते दाताखाली आल्याशिवाय कळत नाही. आला की तो जिभेनं पुढं आणायचा आणि ताटाच्या काठावर ठेवायचा. टण् असा बारीक आवाज यायचा. चुलतबहिणी आणि मी, कुणाच्या ताटाला किती टण् झाले ते मोजायचो. एका तितरात कधी तीन निघायचे, कधी नऊ. एका काडतुसात असले दोनशेच्या वर छर्रे असतात. तितराच्या अंगात नऊ निघाले, तर बाकीचे कुठं गेले, असं मी एकदा तात्यांना विचारलं होतं. ते म्हणाले, 'हवेत.' आणि थोड्या वेळानं, आपण होऊन, 'सगळे न्हाईत.'

*

भेकरासाठी मात्र दक्षिणेला. गारगोटीच्या पुढं, भुदरगडाच्या अंगाला तात्यांच्या ओळखीचं एक गाव होतं. दाजीपूरच्या रानात शिकार करायचा प्रश्नच नव्हता. संस्थानच्या काळात ते महाराजांचं राखीव शिकारीचं रान, आणि 1958 पासून गव्यांसाठी अभयारण्य. राज्यातलं ते पहिलंच. पुढं 1985 साली राधानगरीपर्यंत वाढवून ते 351 चौरस किलोमीटरचं केलं. राजानं शिकारीसाठी राखून ठेवलं, म्हणून ते रान शिल्लक राहिलं आणि आज जागतिक वारशाच्या यादीत गेलं, हे मला पटायला जड जातं, पण खरं आहे. आम्ही जायचो ते मालकी रान. नाचणीची खाचरं, वर कारवी, करवंदीच्या जाळ्या, मधनं एक ओढा. परवाना होता. मुंबई राज्याच्या 1951 च्या कायद्याखालचा, वहीच्या शेवटच्या पानाला चिकटवलेला अजून आहे.

भेकर ज्यानं बघितलं नाही त्याला सांगतो. साधारण शेळीएवढं, लालसर तपकिरी, मान खाली घालून चालणारं. नराला वितीएवढीही नसतील अशी शिंगं, तीही केसाळ खुंटांवर बसलेली. कपाळावर दोन काळ्या रेघा, त्या खाली डोळ्यांपर्यंत येतात. नराच्या वरच्या ओठातनं दोन सुळे बाहेर डोकावतात, हरणाच्या तोंडात ते बघून पहिल्यांदा विश्वास बसत नाही. घाबरलं की कुत्र्यासारखं भुंकतं, आणि एकदा सुरू झालं की बराच वेळ भुंकत राहतं. सगळ्या रानाला त्यावरनं कळतं की कुणीतरी आलंय.

9 जानेवारीला तात्यांनी एक नर मारला. एकच बार, मानेत. ते जीपमधे माझ्या पायाशी ठेवलं होतं. त्याच्या डोळ्यात रस्त्याकडेची झाडं उलटी पळताना दिसत होती. गारगोटीपर्यंत मी तेच बघत होतो. गावात वाटे घातले ते पळसाच्या पानांवर. हाकाऱ्यांना सारखे, ज्याच्या बंदुकीनं पडलं त्याला डोकं आणि मागची एक तंगडी, एक वाटा देवाचा, एक आजारी म्हणून न आलेल्या माणसाचा. त्या वाटणीत कधी भांडण बघितलं नाही. गावातला आप्पा म्हणून एक धनगर म्हातारा वाटे घालायचा आणि मग पाठ फिरवून उभा राहायचा. एकानं वाट्यावर बोट ठेवून 'हा कुणाचा?' विचारायचं, आप्पानं न बघता नाव घ्यायचं.

आप्पाला आणि तात्यांना एक गोष्ट कटाक्षानं पाळायची असायची. मादी मारायची नाही. परवान्यात होतं म्हणून नव्हे. भेकराला पिल्लांचा ठरलेला हंगाम नसतो, वर्षात केव्हाही होतं, त्यामुळं कुठलीही मादी कधीही गाभण असू शकते किंवा जवळच्या जाळीत तिचं पिल्लू बसलेलं असू शकतं. म्हणून शिंगं दिसल्याशिवाय घोड्याला बोट लावायचं नाही. आणि दुसरी गोष्ट: लागलेलं जनावर सोडायचं नाही. रात्र होवो, काटे लागोत, ते शोधून त्याची सुटका करायचीच.

*

20 फेब्रुवारी, रविवार. वहीत: 'हाका 2. सोबत बाळ, आप्पा व गावातले अकरा. काडतुसं 3. त्यातलं 1 बाळ.' 'मिळालं' या रकान्यात आडवी रेघ.

त्या दिवशी तात्यांनी मला पहिल्यांदा एकनळी दिली. कायद्यानं ते चूकच होतं, आणि मला वाटतं, ते त्यांनाही नंतर लागलं असणार. मी ओढ्याच्या वळणावर, आंब्याच्या बुंध्याला टेकून. तात्या माझ्या वरच्या अंगाला साठेक पावलांवर, एका मोठ्या धोंड्याआड. हाकारे वरच्या धारेवरनं निघाले. पत्र्याचे डबे, काठ्या, आरोळ्या. आधी एक रानकोंबडा माझ्या डोक्यावरनं ओढ्यापलीकडं गेला. मग बराच वेळ काही नाही. मग कारवीत पाचोळा वाजला, थांबला, वाजला. तात्यांच्या धोंड्यापुढनं काहीतरी तांबडं घसरत खाली आलं. त्यांची दुनळी बोलली नाही. मला वाटलं, त्यांना दिसलंच नाही. आता सगळं माझ्यावर आहे.

ते मान खाली घालून आलं. वीस पावलांवर असेल. माझ्या कानात नुसतं रक्त वाजत होतं. मी बार टाकला.

ते कोलमडलं. मागचे पाय गेले. मग, मला अजून दिसतं, त्यानं पुढच्या दोन पायांवर अंग ओढलं, उठलं आणि करवंदीत शिरलं. भुंकलं नाही. कसलाच आवाज केला नाही.

तात्या आले. त्यांनी बंदूक माझ्या हातातनं काढून घेतली, मोडून रिकामी पुंगळी काढली. मग विचारलं, 'शिंगं बगितलीस?'

मी म्हणालो, 'व्हय.'

मी शिंगं बघितली नव्हती. होती का नव्हती, तेही बघितलं नव्हतं. मी फक्त तांबडं बघितलं होतं. तात्या माझ्याकडं एक क्षणभर बघत राहिले आणि म्हणाले, 'बरं.'

आप्पा पुढं, तात्या मागं, मी त्यांच्या मागं. पाचोळ्यावर रक्त सापडलं. फुप्फुसात लागलं की रक्त फेसाळ आणि गुलाबी असतं, जनावर फार लांब जात नाही. हे काळपट होतं. आप्पानं एक पान उचलून नाकाशी नेलं आणि तात्यांपुढं धरलं. पानावर रक्तात हिरवट काहीतरी होतं. दोघं काही बोलले नाहीत, पण मला कळलं. पोटात लागलं होतं. पोटात लागलेलं जनावर तास न् तास चालतं. थेंब लांब लांब पडत गेले. एका धोंड्यावर ते टेकलं होतं, तिथं मात्र भरपूर होतं. तिथनं ओढ्यात उतरलं. जखमी जनावर पाण्याकडं जातं. आणि पाण्यात माग संपला. अंधार पडेपर्यंत आम्ही दोन्ही काठ बघितले. बॅटरी मालवायला आली तसे तात्या म्हणाले, 'चल. उद्या तुझी शाळा आहे. नर हुता, दमदार असणार. आप्पा सकाळी बगतील.'

जीपमधे मी झोपेचं सोंग घेतलं. गारगोटी, मुदाळ, बिद्री, सगळी गावं डोळे मिटून मोजली. त्यांनी 'नर हुता' म्हटलं याचं मला केवढं हायसं वाटलं होतं. माझा शब्द त्यांनी मानला, असं मला वाटलं. पुढं त्यावर कधी बोलणं निघालं नाही.

*

तात्यांची शिकार कशी थांबली, ते आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आला, कायद्याला मानणारा माणूस, बंदूक भिंतीवर टांगली ती टांगलीच. पुढं निवडणूक लागली की पोलीस चौकीत जमा करायची आणि निकालानंतर आणायची, एवढाच तिचा प्रवास राहिला. माझ्या मुलांना मी हेच सांगितलं. तात्या गेले त्या दिवशी भेटायला आलेल्यांनाही हेच सांगितलं.

आता वही समोर आहे आणि तारखा जुळत नाहीत. कायदा झाला तो सप्टेंबरात. त्यानंही सगळं एका फटक्यात बंद झालं नव्हतं. ठरावीक जनावरांसाठी आणि पक्ष्यांसाठी परवान्याची सोय कागदावर होती, ती 1991 च्या दुरुस्तीनं गेली. तितराच्या परवान्यासाठी अर्ज करायला तात्यांना कुणी अडवलं नव्हतं. आणि वहीतल्या नोंदी संपतात त्या फेब्रुवारीत. होळी त्या वर्षी फेब्रुवारीच्या अगदी शेवटी होती आणि होळीपर्यंत तात्या दरवर्षी जायचे. काडतुसांची एक पेटी अर्धी शिल्लक होती, तीही नोंद आहे.

शेवटची नोंद रविवारची नाही. ती सोमवारची आहे.

हे मला आधी लिहिण्यातली चूक वाटलं. तात्या सोमवारी शिकारीला जाणं शक्य नव्हतं. सोमवार महादेवाचा, त्यांचा उपास, घरात मटणाचं नाव निघायचं नाही. शिवाय शाळा. तात्या ताप असला तरी रजा काढत नसत. पण अक्षर त्यांचंच, तारीखही बरोबर.

'सोमवार, 21 फेब्रुवारी. ठिकाण तेच. सोबत आप्पा. काडतुसं 0. मिळालं —. शेरा: ओढ्याच्या दोन्ही काठांनी वर धनगरवाड्यापर्यंत बघितलं. सापडली नाही.'

खाली अर्धं पान कोरं. त्याच्यापुढची सगळी पानं कोरी.

मी ती ओळ कितीदा वाचली सांगता येणार नाही. भेकर म्हटलं की ते. ते भेकर, ते पळालं, ते सापडलं नाही. नर म्हणून लिहायचं असतं तर सापडला नाही. तात्या मास्तर होते, मुलांच्या वहीतला काना-मात्रा न सोडणारे. त्यांनी लिहिलंय, सापडली नाही.

ते तांबडं आधी त्यांच्या धोंड्यापुढनं गेलं होतं. त्यांची बंदूक बोलली नव्हती. त्यांना दिसलं होतं. दिसलं होतं म्हणूनच बोलली नव्हती. 'शिंगं बगितलीस?' असं त्यांनी मला विचारलं, तेव्हा उत्तर त्यांना ठाऊक होतं.

*

गेल्या महिन्यात मी पूर्वेच्या त्या माळावर गेलो होतो. माळ ओळखू येत नाही. ऊस, ठिबकच्या नळ्या, प्लॉट पाडून रोवलेले दगड. बांधच राहिले नाहीत, बांधाच्या बाभळी नाहीत, तर तितर बसणार कुठं? तासभर थांबून एकदाच आवाज ऐकला, तोही लांबनं, आणि त्याला उत्तर आलं नाही. आमच्या 31 तितरांनी तो माळ रिकामा झाला नाही, हे मला कळतं. पण त्या 31 मधला एकेक कमी होता असंही नाही.

दक्षिणेला भेकरं अजून आहेत. पण तिथं आता डुकरासाठी म्हणून क्लचच्या वायरीच्या फासक्या लावतात आणि त्यात डुकराआधी भेकर सापडतं. पाय किंवा मान. लावणारा दोन-दोन दिवस फिरकत नाही. या लोकांना शिकारी म्हणू नये असं मला फार वाटायचं. तात्यांचे नियम, आप्पाचे वाटे, हे सगळं मी त्यांच्या विरुद्ध पुरावा म्हणून सांगायचो. आता सांगताना जीभ अडते. ओढ्यात उतरलेल्या त्या जनावराला माझी एकनळी आणि एखादी वायर यात काय फरक पडला असेल?

वही घेऊन मी काकींकडं गेलो. काकी आता एक्क्याण्णव वर्षांच्या. ऐकायला कमी येतं, पण आठवण लख्ख आहे. मी त्यांना तो सोमवार विचारला. तारीख सांगायची गरजच पडली नाही.

'त्या दिवशी ते शाळेला गेलेच न्हाईत की,' म्हणाल्या. 'पहिल्या एसटीनं गेले, बंदूक घेऊन. मी म्हटलं, आज सोमवार, आज बंदूक कशाला. तर म्हणाले, सोमवार हाय म्हणूनच चाललोय. रात्री दहाला आले. पायरीवर बसले ते आत येईनात. मी चिमणी घेऊन बाहेर गेले. पोटऱ्यांना गोचडी लागलेल्या, त्या एकेक पिनेनं काढल्या. दोन काडतुसं नेलेली, ती दोन्ही खिशातनं काढून माझ्या हातात दिली.'

'काही बोलले?'

काकींनी वही स्वतःच्या मांडीवर ओढून घेतली. त्यांना आता वाचता येत नाही, नुसता त्या पानावरनं हात फिरवला.

'शाबूची खिचडी झाकून ठेवली हुती, ती न्हाई खाल्ली. तू आत झोपलावतास. बाळाला सांगू नको म्हणाले. आणि प्यांट वाळत घातली मी, तर ती पार कमरेपर्यंत वली.'

फेब्रुवारीत त्या ओढ्याला घोट्याएवढं पाणी असतं. कमरेएवढं असतं ते फक्त डोहांत.